भर समुद्रातला पत्ता

आडेवली बंदरात पक्षी बघायला माणसं यायची ती थंडीत. डिसेंबर-जानेवारीत कुरवांचे थवे जेटीवर उतरले की पुण्या-मुंबईचे पक्षीमित्र मोठाल्या लेन्सचे कॅमेरे घेऊन दोन दिवस लॉजवर राहत, माशांचं जेवण जेवत आणि परत जात. मार्च संपता संपता पाहुणे पक्षी उत्तरेला निघून जात आणि त्यांच्यामागे पक्षीमित्रही. एप्रिल-मेच्या उन्हात बंदरात कोणते पक्षी उरतात, हे बघायला कोणीही येत नसे. ते काम प्रभावती मयेकर करायची.

प्रभा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होती. तिची मुलगी केतकी सातवीत असताना नवरा काविळीने गेला. त्या उन्हाळ्यात घरात बसवेना म्हणून तिने मच्छीमार सोसायटीत पडून असलेला उन्हाळी पक्षीगणनेचा फॉर्म उचलला आणि भरला. पुढच्या वर्षी परत भरला. मग तो तिचा नेमच झाला. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी सहा ते आठ ती कारखान्याच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसे. रविवारी हसनचाचांच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी जाई. तिथे वाळूचा एक लांबट पट्टा होता, त्याला सगळे दांडा म्हणत. त्या दांड्यावर उघड्या वाळूत लहान सुरय अंडी घालत.

लहान सुरय म्हणजे मैनेएवढा पांढरा पक्षी. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी, उडणं असं की हवेत कोणी हात झटकतंय. त्याची अंडी वाळूतल्या खड्यांसारखी दिसतात. हसन होडेकर सत्तरीला टेकले होते, पण दांड्यावर पाय ठेवताना ते प्रत्येक पाऊल बघून टाकत. "आपण पाहुणे, घर त्यांचं," एवढंच म्हणत. दोघं मिळून घरटी मोजत. प्रभा वहीत लिहायची: तारीख, भरतीची वेळ, वारा, घरटी, पिल्लं. वीस उन्हाळ्यांच्या वीस वह्या झाल्या होत्या. आडेवलीच्या दांड्यावर सुरय वीण करतात, याचा जगात दुसरा कुठलाही लेखी पुरावा नव्हता.

२०३९च्या फेब्रुवारीत केतकी घरी आली ती या वह्यांसाठी.

ती पुण्यात एका संस्थेत जीवभौतिकीवर काम करत होती. आडेवलीत मोठं बंदर होणार, कोळंबी आणि आंब्याची जहाजं थेट इथून सुटणार, हे पाच वर्षं ऐकू येत होतं. काम अडलं होतं दांड्यावरून. दांडा खोदून काढल्याशिवाय मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती, आणि दांड्यावर सुरय होते. प्रभानेच दर वर्षी पाठवलेल्या फॉर्मांमुळे परवानगी थांबली होती. गावात काही जण तिच्याशी त्यावरून बोलत नसत.

"त्यांना मारायचं नाही, हाकलायचंही नाही," केतकी म्हणाली. प्रभा मोरीशी बसून तिसऱ्यांचे शिंपले धूत होती आणि केतकी दारात उंबऱ्यावर बसली होती. "फक्त दुसरी जागा द्यायची. कंपनी उत्तरेला चार किलोमीटरवर नवी वाळू टाकतेय. दांड्यापेक्षा दुप्पट मोठी. कुत्री येणार नाहीत, उधाणाचं पाणी चढणार नाही."

"सुरयांना कोण सांगणार?"

"मी सांगणार. तेच तर माझं काम आहे."

मग तिने समजावून सांगितलं. पक्ष्याच्या डोळ्यात एक प्रथिन असतं. त्यावर निळा प्रकाश पडला की दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी सुटी होते. ती जोडी किती वेळ एकमेकांशी सूर धरून राहते, ते पृथ्वीच्या चुंबकत्वावर ठरतं. त्यामुळे पक्ष्याला चुंबकत्व नुसतं जाणवत नाही, तर दिसतं, आपल्याला सावली दिसते तसं. आणि पृथ्वीचं चुंबकत्व सगळीकडे सारखं नसतं. एका जागी त्याचा जोर किती आणि ते जमिनीत किती कोनाने घुसतं, हे दोन आकडे मिळून त्या जागेचा पत्ता होतो. सुरय हिवाळ्यात कुठेही भटकला तरी मार्चमध्ये हाच पत्ता शोधत परत येतो.

"आम्ही एक खांब बनवलाय. चुंबकदीप म्हणतो त्याला. आत तारांची वेटोळी असतात. असे बारा खांब नव्या वाळूभोवती रोवले की त्या तेवढ्या जागेत दांड्याचा पत्ता दिसतो. खऱ्यापेक्षा जरा गडद. पक्ष्यांचं कसं असतं, खूण जितकी ठळक तितकी त्यांना आवडते. आणि दांड्यावर आम्ही एक बारीक रेडिओलहर सोडणार, तिथला पत्ता पुसट होईल. दोन उन्हाळे गेले की त्यांना नव्या जागेची सवय होईल, मग खांब काढून टाकायचे."

"आणि वह्या कशाला?"

"ते नेमके कोणत्या तारखेला येतात, कोणत्या भरतीला, दांड्याच्या कुठल्या टोकाला पहिल्यांदा उतरतात, हे फक्त तुला माहिती आहे." केतकी उंबऱ्यावरून पुढे सरकली. "आई, वीस वर्षं तू नुसतं मोजलंस. आता त्याचं काहीतरी होईल."

प्रभाने हात धुतले, आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि वीसच्या वीस वह्या मुलीपुढे ठेवल्या.

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला सुरय आले. प्रभा आणि हसनचाचा नव्या वाळूपासून दूर होडी लावून बसले होते. किनाऱ्यावर केतकी आणि तिच्या हाताखालचे दोन इंजिनियर होते. पहिला थवा दक्षिणेकडून आला, दांड्यावर घुटमळला, एक घेर घेतला, दुसरा घेतला, आणि मग जणू कोणी हाक मारली असावी तसा उत्तरेला वळला. दहा मिनिटांत चाळीस पक्षी नव्या वाळूवर उतरले होते. किनाऱ्यावर इंजिनियर एकमेकांचे हात धरून नाचत होते. केतकी नाचत नव्हती, ती होडीकडे बघत होती. प्रभाने तिला हात केला. प्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे तिने हसनचाचांपासून लपवलं नाही.

"पोरीनं जादू केली," हसनचाचा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण मला नाय आवडली."

"का?"

"घर बदलायचं तर माणसाला सांगून बदलतात. ह्यांना फसवून आणलं."

त्या वर्षी नव्या वाळूवर एकशे चौदा घरटी झाली. दांड्यावर एकही नाही. वर्तमानपत्रात फोटो आले. गावात प्रभाशी न बोलणारे तिला चहाला बोलवू लागले.

मेच्या अखेरीला पिल्लं उडायला लागली. हा काळ प्रभाच्या खास आवडीचा. सुरयाचं पिल्लू पहिल्यांदा उडतं तेव्हा ते नेहमी खाडीच्या आत जातं, उथळ पाण्याकडे, जिथे बारीक मासळी असते आणि लाटा नसतात. वीस वर्षांत तिने हेच पाहिलं होतं. त्या सकाळी पहिलं पिल्लू उठलं, धडपडलं आणि सरळ उघड्या समुद्राकडे निघालं. आई-बाप ओरडत मागे गेले आणि त्याला वळवून आणू लागले. अर्ध्या तासाने दुसरं उठलं. तेही तिकडेच. हसनचाचांनी होडीतला कंपास काढून प्रभाच्या हातात दिला. तिने दर पिल्लामागे आकडा लिहिला. अडीचशे अंश, दोनशे अठ्ठेचाळीस, अडीचशे. त्या आठवड्यात तिने एकतीस पिल्लांची पहिली उडी पाहिली. सव्वीस जणांनी पश्चिम-नैर्ऋत्येची तीच रेघ धरली होती. अजून न उडालेली पिल्लं वाळूत बसायची तीही त्याच दिशेला तोंड करून.

"तिकडे काय आहे, हसनचाचा?"

"पाणी," हसनचाचा म्हणाले. "थेट अरबस्तानापर्यंत पाणी."

प्रभाने ते पान केतकीला दाखवलं तेव्हा केतकीने ते दोनदा वाचलं. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"वारा असेल," ती म्हणाली.

"वारा वायव्येचा होता. लिहिलंय बाजूला."

"एकतीस पिल्लं म्हणजे फार कमी, आई. यावरून काही सिद्ध होत नाही."

"मी कुठे म्हणते सिद्ध होतं? मी विचारतेय, हे काय आहे?"

मग ती आईसमोर येऊन बसली, आणि प्रभाला पहिल्यांदा दिसलं की तिला उत्तर माहीत होतं.

"मोठे पक्षी पत्ता ओळखतात. पण पिल्लू पत्ता शिकतं. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना जो पत्ता दिसतो, तो त्याच्या मेंदूत कायमचा बसतो, असं काही जणांचं म्हणणं आहे. या पिल्लांनी गडद केलेला पत्ता बघितलाय."

"मग?"

"मग ती आतापासूनच त्याच्याकडे ओढली जातायत, आणि खांब काढल्यावर तोच पत्ता शोधतील. आणि तसा गडद पत्ता खरोखर जिथे असेल, तिथे जातील." तिने आवाज खाली आणला. "मी गणित केलं होतं. इथून पस्तीस किलोमीटरवर, समुद्रात. पण हे सगळं जर-तरचं आहे. ती मोठी होऊन वीण करायला परत येतील दोन वर्षांनी. तोवर कोणालाच काही सांगता येणार नाही."

"तर मग दोन वर्षं थांबा म्हणावं."

"कंपनी थांबणार नाही. डिसेंबरात जनसुनावणी आहे. शंका आहे एवढं जरी कळलं तरी सगळं बंद होईल. माझी आठ वर्षं, हाताखालची अकरा माणसं. आणि मी चुकीची असेन तर? वाराच असेल तर?" तिने आईचा हात धरला. लहानपणी परीक्षेला जाताना धरायची तसा. "पान फाडू नकोस. खोटंही लिहू नकोस. फक्त सुनावणीत बोलू नकोस. पुढचा उन्हाळा बघू, आणि तसंच दिसलं तर मी स्वतः सांगेन."

प्रभाने मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तालुक्याच्या सांस्कृतिक भवनात सुनावणी झाली. प्रभाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. अध्यक्षांनी तिचं कौतुक केलं. एका सामान्य कामगार बाईच्या नोंदींवर आज एवढा मोठा प्रयोग उभा आहे, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मयेकरबाई, या उन्हाळ्यात नव्या जागेवर पक्ष्यांच्या वागण्यात काही वेगळं आढळलं का?"

मागच्या रांगेत हसनचाचा बसले होते. नव्या जेटीला विरोध करणारे म्हणून त्यांचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, त्यांचं म्हणणं कोणी ऐकणार नव्हतं. वही प्रभाच्या मांडीवर होती. डाव्या बाजूला, चार खुर्च्या पलीकडे, केतकी होती.

"नाही," प्रभा म्हणाली.

"काहीच नाही?"

"नाही. नेहमीसारखंच."

बाहेर आल्यावर तिने हसनचाचांना शोधलं. ते स्टँडकडे चालत निघाले होते. तिने हाक मारली तेव्हा ते थांबले, पण वळले नाहीत. "प्रभाबाय, मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो," ते म्हणाले, "की आता बोलेल, आता बोलेल." मग गेले. त्यानंतर रविवारी त्यांची होडी तिच्यासाठी थांबली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्रभा एकटीच किनाऱ्याने चालत नव्या वाळूवर गेली. पिल्लं पुन्हा त्याच रेघेने उडाली. तिने केतकीला फोन केला. केतकी म्हणाली, मी अहवालात घातलंय. प्रभाने पुढे विचारलं नाही. तोपर्यंत दांडा निम्मा खोदून झाला होता. दिवसभर यंत्रांचा आवाज यायचा आणि ओहोटीला आता तिथे नुसतं गढूळ पाणी दिसायचं. ठरल्याप्रमाणे पुढच्या मार्चमध्ये बाराही खांब काढून ट्रकवर चढवले गेले. आणखी सात बंदरांनी ते मागवले होते. केतकीला त्या कामाची प्रमुख केलं होतं.

खांब गेल्यावरच्या पहिल्या मे महिन्यात हसनचाचा बर्फ न्यायला आले. एरवी ते मुलाला पाठवत. स्वतः आत आले आणि मशिनपाशी उभे राहिले.

"तुझे पक्षी समुद्रात आहेत," ते म्हणाले.

"कुठे?"

"नव्या वाळूवरून अडीचशे अंश धरून गेलं की. पंचवीस वाव खोल पाण्यात. आठ दिवस झाले, मी रोज बघतोय. बघायचं असेल तर उद्या पहाटे ये."

ती गेली. अडीच तास होडी चालली. किनारा दिसेनासा झाला, मग गडावरचा मनोराही. हसनचाचांनी इंजिन मंद केलं आणि बोट दाखवलं.

साठ-सत्तर सुरय असतील. एका जागेवर, जिथे पाण्याशिवाय काही नव्हतं, ते घेर घेत होते. मासे पकडत नव्हते. घेर लहान करत खाली येत, पाय सोडत, पंख मागे घेत, वाळूवर उतरताना करतात अगदी तसंच, आणि लाट अंगाशी आली की दचकून वर उठत. पुन्हा घेर, पुन्हा तेच. नर चोचीत मासोळी धरून मादीला देत होते. वीण करायच्या वेळी देतात तशी. ती घ्यायला मादीला बसायला जागा नव्हती. पाण्यावर जाळ्याचे दोन फ्लोट तरंगत होते, त्यांच्यावर पाच-सहा पक्षी एकमेकांना ढकलत होते. प्रभाने दुर्बिणीतून पायांतली कडी पाहिली, केतकीच्या माणसांनी अडकवलेली. निळी कडी म्हणजे पहिल्या उन्हाळ्याची पिल्लं.

"मोठे येत नाहीत इकडे," हसनचाचा म्हणाले. "मोठे नव्या वाळूवर आहेत. ही सगळी तिथं जन्मलेली."

त्यांनी इंजिन बंद केलं. होडी हलत राहिली. काही वेळाने एक मादी खाली आली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यावर बसली. तिची छाती भरभर खालीवर होत होती. प्रभापासून ती चार हातांवर होती. एवढ्या जवळून सुरय तिने कधी पाहिला नव्हता. मादीने पोटाने जाळ्यात खळगा केला, दोनदा अंग फिरवलं आणि मग थरथरून स्थिर झाली. उठली तेव्हा जाळ्यात एक अंडं होतं, ठिपक्याठिपक्यांचं, ओलं.

दोघंही हलली नाहीत. मादी अंड्यावर बसली. नर येऊन तिला मासोळी देऊन गेला. ऊन चढलं. अकरा वाजले, बारा वाजले. वारा उठायला लागला आणि हसनचाचांनी आभाळाकडे पाहिलं.

"आणखी थांबता येणार नाय, प्रभाबाय."

"थोडं."

"वारा बघ."

त्यांनी इंजिन सुरू केलं. मादी उडाली. होडी निघाली तशी ती मागून आली, बराच वेळ आली, ओरडत, मग एका ठिकाणी जणू भिंत लागल्यासारखी थांबली आणि परत त्या पाण्याकडे गेली. अंडं जाळ्यात राहिलं.

"याचं काय करू?" हसनचाचांनी विचारलं.

प्रभाने ते जाळ्यातून अलगद उचललं. किनारा येईपर्यंत तिने ते अंडं ओंजळीत धरलं होतं. उतरताना ते गार लागलं.

तिने केतकीला फोन करून सगळं सांगितलं. केतकीने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"माहिती आहे मला," शेवटी ती म्हणाली. "काही पिल्लांना उपग्रहाचे टॅग लावले होते, त्यावरून दिसलं."

"कधी?"

"महिना झाला."

"अहवालात घातलंय म्हणाली होतीस."

"घातलं होतं. कंपनीने ते पुरवणीत टाकलं. पुरवणी कोणी वाचत नाही." ती थकल्यासारखी वाटत होती. "आई, यावर उपाय आहे. खांब परत रोवायचे आणि काढायचेच नाहीत. कायम सुरू ठेवायचे."

"किती वर्षं?"

"कायम म्हणजे कायम. एक पिढी त्या पत्त्यावर जन्मली की पुढच्या सगळ्या त्याच पत्त्यावर. वीज गेली, खांब पडला, की संपलं."

"आणि कोण ठेवणार सुरू?"

पलीकडे केतकीने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"बाकीच्या सात बंदरांना हे सांगितलंस?"

"मी सांगितलं तर मला काढतील आणि माझ्या जागी दुसरा येईल. तो खांब इतका गडद ठेवेल की पक्षी आणखी दूर जातील. मी आत राहिले तर निदान खांबांचा जोर हळूहळू कमी करता येईल."

प्रभाला वाटलं, हे तर आपलंच बोलणं आहे. त्या डिसेंबरात सुनावणीहून घरी परतताना तिनेही स्वतःला असंच काहीतरी समजावलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत देवखार बंदराची सुनावणी लागली. तिथेही वाळूचं बेट होतं, तिथेही सुरय होते, आणि चुंबकदीप लावायचे होते. प्रभाने साक्षीसाठी अर्ज केला. केतकीला कळवलं नाही. हसनचाचांना कळवलं. ते म्हणाले, मी येतो बरोबर. एसटीने चार तास लागले. हसनचाचांनी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. त्यांनी तिला अर्धी दिली आणि दोघांनी दोन वर्षांत पहिल्यांदा एकत्र खाल्लं.

प्रभा चांगली बोलली. तिने त्या एकतीस पिल्लांचं पान वाचून दाखवलं. पंचवीस वाव पाण्यावरच्या पक्ष्यांचं सांगितलं, जाळ्यातल्या अंड्याचं सांगितलं. सभागृह शांत झालं होतं. मागे कोणीतरी बाई पदराने डोळे पुसत होती. समोरच्या टेबलावर कंपनीचे लोक बसले होते आणि त्यांच्यात केतकी. आईला व्यासपीठावर बघून तिने चष्मा काढला होता, तो परत घातला नव्हता.

कंपनीच्या वकीलबाई उठल्या. त्या अगदी अदबीने बोलत होत्या.

"मयेकरबाई, हे पान दोन वर्षं नऊ महिन्यांपूर्वीचं आहे. त्यानंतर सहा महिन्यांनी आडेवलीच्या सुनावणीत तुम्हाला विचारलं होतं, काही वेगळं आढळलं का. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"नाही म्हणाले."

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, किंवा हे पान नंतर लिहिलंय."

"पान तेव्हाचंच आहे. मी खोटं बोलले."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष पुढे झुकले. ते चांगले गृहस्थ होते, त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं.

"बाई, हे महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "एवढी वर्षं प्रामाणिकपणे नोंदी ठेवणारी व्यक्ती एकदम खोटं का बोलेल? तुमच्यावर कोणी दबाव आणला होता का? कोणी सांगितलं होतं का, की हे बोलू नका? तसं असेल तर त्या सगळ्या अहवालाचीच चौकशी लावावी लागेल. हे खांब तोवर कुठेही लागणार नाहीत. नीट आठवून सांगा."

हो म्हणणं एवढंच उरलं होतं. प्रभा त्याच्यासाठीच आली होती, चार तास एसटीत हाच शब्द तिने मनात घोळवला होता. तिने केतकीकडे पाहिलं. केतकी तिच्याकडेच बघत होती. चष्म्याशिवाय तिचा चेहरा लहान दिसत होता. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी काही मागितलं नाही. नुसती बघत होती. काय येईल ते घ्यायची तिची तयारी होती, आणि तेच प्रभाला सोसलं नाही.

"कोणी सांगितलं नव्हतं," प्रभा म्हणाली. "माझं मीच ठरवलं."

"का?"

"गावात लोक बोलत नव्हते माझ्याशी. बंदर झालं तर बोलतील, असं वाटलं."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी लेखनिकाला मजकूर सांगितला. साक्षीदाराने स्वतःच्या स्वार्थासाठी आधी खोटी साक्ष दिल्याचं मान्य केलं आहे. सबब, त्यांच्या आधीच्या व आताच्या कोणत्याही नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरू नयेत. वकीलबाईंनी विचारलं, आडेवलीच्या जुन्या वह्याही? अध्यक्ष म्हणाले, अर्थात, सगळ्याच. त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, ते आता कसं ठरवायचं?

अशा रीतीने आडेवलीच्या दांड्यावर सुरय वीण करत होते, ही गोष्ट कागदावरून पुसली गेली. देवखारला परवानगी त्याच दिवशी मिळाली.

हसनचाचा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. प्रभा जवळ आली तेव्हा ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तुझी पोर आहे," ते म्हणाले. "मला कळतं." आणि डबा पिशवीत घालून ते गाडी किती वाजता आहे ते विचारायला गेले.

केतकी मागच्या दाराने बाहेर आली. कंपनीची गाडी उभी होती, ड्रायव्हर दार उघडून थांबला होता. ती गाडीकडे न जाता आईपाशी आली. मग भर आवारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ती वाकली. दहावीचा निकाल लागला तेव्हाही तिने हे केलं नव्हतं.

प्रभाने पाय मागे घेतले.